जहाजाला अटक झाली म्हणजे मुलगा तुरुंगात गेला का?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरातला मुलगा मर्चंट नेव्हीत असतो. त्याचं जहाज ‘अरेस्ट’ झाल्याचं कळलं की काका-मामा लगेच जामिनाची चौकशी करायला लागतात. समजूत जुनी आहे, पण साफ चुकीची. जामीन लागतो तो जहाजाला!

अशी अटक हा दिवाणी मामला. मालकाने इंधनाचे किंवा दुरुस्तीचे पैसे थकवले, मालाचं नुकसान झालं, टक्कर झाली, तर दावेदार हायकोर्टाच्या आदेशाने जहाज बंदरातच रोखतो. तारण भरलं की ते सुटतं, नाहीतर लिलावही होऊ शकतो. परदेशी झेंडा असला तरी सुटका नाही. सुप्रीम कोर्टाने 1992 मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्यात हे स्पष्ट केलं आणि 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी (म्हणजे सागरी दाव्यांच्या) कायद्यातही तेच आहे. युद्धनौका, बिगर-व्यापारी कामाची सरकारी जहाजं वगैरे मात्र वगळली आहेत. बडोद्याच्या जिल्हा न्यायालयात हा दावा चालत नाही, जहाज गुजरातच्या बंदरात असेल तर त्यासाठी अहमदाबादचं हायकोर्ट गाठावं लागतं.

उलट खलाशांचा थकलेला पगार हा जहाजावरचा पहिल्या क्रमांकाचा सागरी हक्क (मेरीटाइम लिन), म्हणजे थेट जहाजाकडूनच वसूल करता येणारं येणं. मालक बदलला तरी तो जहाजाला चिकटून राहतो. मुदत पगार देय झाल्यापासून दोन वर्षं. म्हणजे पगार अडकलेला मुलगा स्वतःच जहाज अडकवू शकतो! त्रास होतो तो वेगळाच: अडकलेलं जहाज सांभाळायला माणसं लागतातच, त्यामुळे बदली येईपर्यंत काहींना उतरता येत नाही. तस्करीचा माल सापडला तर गोष्ट निराळी, ते फौजदारी प्रकरण.