‘सिंथेटिक’ हा शब्द पातळ कसा झाला

इंजिन ऑइलच्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत ‘फुल्ली सिंथेटिक’ लिहिलेले असते. मागे, जवळजवळ भिंग लागेल अशा अक्षरांत, एपीआय एसपी (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेचा दर्जा), एसीईए सी३ (युरोपातल्या कार उत्पादकांच्या संघटनेचा वर्ग) आणि कार बनवणाऱ्यांच्या मंजुऱ्यांचे क्रमांक असतात. खरेदी बहुधा पुढचा शब्द वाचून होते. पण आज गाडीला काय चालेल हे ठरते ते मागच्या मजकुरावर. असे का झाले, त्याची गोष्ट बरीच जुनी आहे.

कारखान्यात तेल जोडून बनवता येते हे १८७७ पासून माहीत आहे. चार्ल्स फ्रीडेल आणि जेम्स मेसन क्राफ्ट्स यांनी त्या वर्षी ॲल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने हायड्रोकार्बन तयार करून दाखवले. पण जमिनीतून निघणारे तेल मुबलक असताना ही उठाठेव करायची कोणी? गरज पडली ती दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीकडे खनिज तेलाचा तुटवडा होता आणि रशियाच्या थंडीत साधे वंगण गोठून जाई. तिथे हरमान त्सोर्न या रसायनशास्त्रज्ञाने एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणाऱ्या, प्रकारच्या वंगणांवर मोठे काम केले. युद्धानंतर जेट इंजिने आली. त्यांच्या उष्णतेत खनिज तेल टिकेना, म्हणून एस्टर तेले विमानांत रुळली.

मोटारींपर्यंत हे यायला १९७० चे दशक उजाडले. मोतुल कंपनीचे ३००व्ही हे तेल १९७१ मध्ये आले. १९७२ मध्ये ॲम्सऑइल कंपनीने आपले १०डब्ल्यू-४० दाटपणाचे तेल आणले. तिचा संस्थापक लढाऊ विमानांचा वैमानिक होता, हा योगायोग नव्हे. मोबिल १ आले १९७४ मध्ये. त्या वेळी ‘सिंथेटिक’ या शब्दाला नेमका अर्थ होता. खनिज तेल म्हणजे लहानमोठ्या रेणूंची खिचडी: त्यातले मेण थंडीत थिजते, हलके रेणू उष्णतेत उडून जातात. सिंथेटिक तेलात, म्हणजे मुख्यतः पॉलिअल्फाओलेफिन अर्थात ‘पीएओ’मध्ये, सारख्या आकाराचे छोटे रेणू एकमेकांना जोडून घेतलेले असतात. मेण नाहीच, त्यामुळे कडक थंडीतही तेल वाहते. (‘सिंथेटिक टाकले की गळती सुरू होते’ ही धास्ती त्याच काळातली. पीएओने रबरी सील थोडे आक्रसतात, एस्टरने फुगतात. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत काही गाड्या खरोखरच गळल्या. तो प्रश्न कधीच सुटला, धास्ती मात्र उरली.)

मग शुद्धीकरणाचे तंत्र सुधारले. खनिज तेलावरच प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून रेणू तोडायचे, मेणाचे रेणू वळवून घ्यायचे. हाती येणारे तेल इतके चांगले की एपीआयच्या वर्गवारीत त्याला तिसरा गट मिळाला. पीएओचा गट चौथा. कॅस्ट्रॉलने असे तेल ‘सिंथेटिक’ म्हणून विकायला घेतले. मोबिलने अमेरिकेतल्या जाहिरातींच्या स्वयंनियमन मंडळाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. एवढा कायापालट झालेल्या तेलाला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हापासून हा शब्द रसायनशास्त्राचा कमी आणि विक्रीचा जास्त झाला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ हे नाव पीएओ-एस्टरसाठी राखण्याची रीत टिकली.

शुद्धतावाद्यांना हा निकाल अजून झोंबतो. मला तो वाद आता फारसा कामाचा वाटत नाही. रोजच्या गाडीला तिसऱ्या गटातले चांगले तेल पुरून उरते, आणि नव्या इंजिनांची खरी दुखणी बेस ऑइलपेक्षा, म्हणजे मूळ तेलापेक्षा, त्यात घातलेल्या ॲडिटिव्हांशी (पूरक रसायनांशी) जोडलेली आहेत.

यातले पहिले दुखणे धुराड्याच्या बाजूचे. झिजेपासून वाचवणाऱ्या झिंकयुक्त ॲडिटिव्हातला फॉस्फरस धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो आणि तेलाची राख डिझेलचा काजळी-फिल्टर बुजवते. म्हणून युरोपातल्या एसीईएने २००४ मध्ये कमी राखेचा ‘सी’ वर्ग काढला. दुसरे दुखणे टर्बो लावलेल्या, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या इंजिनांचे. कमी वेगात जोर लावला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेते. एखाद्या जोरदार धक्क्यात पिस्टनही फुटू शकतो. तेल स्वच्छ राखणारी कॅल्शियमयुक्त रसायने याला हातभार लावतात असे आढळले, म्हणून त्यांतला काही भाग मॅग्नेशियमवर नेण्यात आला. २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ हे एपीआयचे दर्जे आले ते यातून. एसपीमध्ये टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही आहे. ही इंजिने कुठल्याही ‘फुल्ली सिंथेटिक’वर समाधानी नसतात, तेल महाग असले तरी दर्जा जुना असेल तर ते त्यांच्या कामाचे नाही.

दाटपणाच्या आकड्यांचा इतिहास तर या सगळ्याहून जुना. एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची पहिली वर्गवारी १९११ ची. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, वेट नव्हे; त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या दाटपणाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या. इंधन वाचवण्यासाठी तेल पातळ होत गेले. २०१३ मध्ये १६ हा ग्रेड, म्हणजे दाटपणाचा आकडा, आला आणि २०१५ मध्ये १२ आणि ८. पण ग्रेड सारखा म्हणजे तेल सारखे, असे नसते. एसीईए सी२ आणि सी३ ही दोन्ही तेले ५डब्ल्यू-३० असू शकतात. १५० अंश सेल्सिअसला, जोरात घासले जात असताना, सी३ चा दाटपणा निदान ३.५ एकक भरावा लागतो. सी२ ला २.९ पुरतो. ज्या इंजिनाच्या बेअरिंगला जाड थर हवा तिथे सी२ टाकले तर तेल बदलताना काहीच जाणवत नाही, झीज पुढे कधीतरी दिसते.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेत नुसता ग्रेड न देता मंजुरीचा क्रमांकही देतात, उदाहरणार्थ फोक्सवॅगन ५०४ ००, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४ किंवा जनरल मोटर्सचे डेक्सॉस. बाटलीवर तो क्रमांक शोधताना आजूबाजूचे शब्दही वाचावेत. ‘मंजुरीप्राप्त’ म्हणजे कार बनवणाऱ्याने ते तेल मान्य केलेले असते. ‘या गाड्यांसाठी योग्य’ हे मात्र तेल विकणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे असते.