जुनी चेतक पुन्हा चालू करायची आहे? गॅरेजला आणण्याआधी एवढं वाचा

कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली कित्येक पावसाळे काढलेली बजाज चेतक, किंवा तिच्या आधीची बजाज 150, आमच्याकडे आली की मालकाचा पहिला प्रश्न रंगाचा असतो. आमच्याकडे रंग सगळ्यात शेवटी. खालचा पत्रा सडलेला आणि सील गेलेलं असताना वर चकचकीत रंग मारणं म्हणजे तुमचे पैसे पाण्यात.

आणण्याआधी किक मारून बघू नका, ढकलून दुसऱ्या गियरवर तर मुळीच नको. बरीच वर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंग सिलिंडरला चिकटतात. जोर लावला की रिंग पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात) अडकून तुटते, नाहीतर किकच्या गियरचे दात जातात. प्लग काढा, भोकातून 15-20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा, प्लग परत हाताने बसवा आणि गाडी टेम्पोत घालून आणा. टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका.

पत्रा

चेतकला वेगळी फ्रेम नाही, पत्र्याची बॉडी हीच फ्रेम. म्हणून आम्ही गाडी आडवी करून पायाखालचा पत्रा खालून बघतो. फुटबोर्डच्या रबरी पट्ट्यांखाली, ब्रेक पेडलच्या भोकाभोवती, मेन स्टँडच्या जोडणीपाशी आणि लेगशील्ड (पायांपुढचा उभा पत्रा) जिथे फुटबोर्डला मिळते तिथे गंज हमखास सापडतो. सखल भागात पाणी तुंबतं तिथल्या गाड्यांना आणि समुद्राजवळच्या गाड्यांना जास्तच. स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकली की चांगला पत्रा खणखणतो, पुट्टी भरलेला बद्द वाजतो. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. त्यावर फायबर चिकटवून देणारे भेटतील. आम्ही ते काम घेत नाही.

घासायला घेण्याआधी चॅसी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेतो आणि नंबरवर टेप लावतो. घासण्यात नंबर पुसट झाला, की आरटीओत तुमच्या फेऱ्या सुरू.

मशिन

या गाड्यांचं मशिन, म्हणजे इंजिन, टू-स्ट्रोक. त्यात क्रँककेस (क्रँक जिच्यात फिरतो ती पेटी) हवाबंद राहिली पाहिजे, आणि ती राखतात क्रँकच्या दोन बाजूंची दोन ऑइल सील. रबर आहे; गाडी चालो वा न चालो, ते कडक होतंच.

मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या फिरत्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस चढलेली राहते, चोक ओढला की खाली येते. अशी गाडी चालवत राहिलात तर मशिन तापून पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गियर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं. मशिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नाही. खात्रीसाठी आम्ही गियर ऑइल मापात काढतो. साधारण 250 मिली असायला हवं. 100 मिलीच निघालं आणि खाली थेंबाचा डाग नाही, तर ते गेलं कुठे हे उघड आहे.

सील बदलायला मॅग्नेट काढावा लागतो, तो पुलरनेच. हातोडीने काढलेल्या मॅग्नेटचे पंखे तुटतात, क्रँकचं टोक वाकतं. क्रँककेस उघडल्यावर आम्ही आधी इनलेटची जागा तपासतो. या मशिनमध्ये वेगळा व्हॉल्व्ह नाही. क्रँकची कडाच केसाइतक्या फटीने तिथून फिरत जाते आणि पेट्रोलची वाट उघड-बंद करते. एअर फिल्टर न लावता चालवलेल्या गाडीत तिथे धुळीचे ओरखडे असतात. खोल ओरखडे असतील तर गाडी उलट श्वास टाकते, म्हणजे आत गेलेलं मिश्रण मागे फेकते; कार्ब्युरेटर ओला राहतो आणि नवा पिस्टन घालूनही स्टार्टिंग सुधारत नाही. म्हणून नुसतं हाफ इंजिन (फक्त वरचं सिलिंडर-पिस्टनचं काम) करून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही आधी ही जागा दाखवतो.

बोरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) लागलं तर पिस्टन 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइझ. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, आणि रिंगची फट खाचेतल्या पिनवरच. पिन चुकली की पहिल्या किकला रिंग तुटते.

पॉइंटवाल्या (इलेक्ट्रॉनिक इग्निशन नसलेल्या) गाडीत मशिन गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर, मग कॉइलवर. दोन्ही स्वस्त आहेत. कार्ब्युरेटर उगाच उघडू नका.

पेट्रोल आणि रंग

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुना रबरी पाइप आणि पेट्रोल कॉकचे वॉशर त्यात फुगतात, इथेनॉल हवेतली ओल ओढतं. त्यामुळे हे भाग इथेनॉल सोसणारेच घालतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत मशिन चालू ठेवा.

जून ते सप्टेंबर आम्ही रंगकाम घेत नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि पत्रा प्रायमर लागण्याआधीच गंज धरतो. पावसाळ्यात मशिनचं काम करू, रंग दिवाळीच्या आसपास. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुने पार्ट तुम्ही स्वतः शोधलेत तर आणा, पण मडगार्ड आणि हेडलाइटची रिंग घेण्याआधी आम्हाला फोटो दाखवा. वेगवेगळ्या वर्षांचे भाग दिसायला सारखे असले तरी बसतीलच असं नाही.

कागदपत्रं

चेतक 1972 ला आली, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या पन्नाशी ओलांडून गेल्या. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरील, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. शुल्क ₹20,000, मुदत 10 वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. दादरला भाजी आणायला न्यायची असेल तर नेहमीचंच नूतनीकरण करा. मूळ रंग बदलायचा असेल तर आरसी बुकात तशी नोंद करून घ्यावी लागते, तेव्हा रंग ठरवण्याआधी बोला.

गाडी नेल्यावर

पहिले 500 किमी ताशी 40 च्या आत चालवा आणि लिटरला 25 मिली टू-टी ऑइल घाला, त्यानंतर 20 मिली. फोर-स्ट्रोकचं ऑइल चालणार नाही. 500 किमी झाले की गाडी आणा: हेडचे नट पुन्हा आवळून आणि गियर ऑइल बदलून देतो.