वीज विकून फेडलेले भांडवल

सरकारी प्राधिकरण म्हटले की ते कायम करदात्यांच्या पैशावर चालते, असे आपण गृहीत धरतो. अमेरिकेतील टेनेसी व्हॅली अथॉरिटीचा वीजव्यवसाय या समजाला अपवाद आहे. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाने आपली पहिली धरणे केंद्र सरकारच्या पैशातून बांधली. एकच धरण पूर अडवते, जलवाहतुकीसाठी पाणी राखते आणि वीजही देते. त्यामुळे खर्चाची वाटणी करून विजेच्या वाट्याचा भाग तेवढा वीजविक्रीतून वसूल करणे न्याय्य ठरते. (नदीचे पाणी फुकट, म्हणून जलविद्युतही जवळपास फुकट, हा प्रचार भाबडा आहे, धरणात गुंतलेल्या पैशावर व्याज चढतच असते.)

१९५९ च्या कायदादुरुस्तीने या व्यवसायाला स्वतःच्या पायावर उभे केले. नव्या वीजकेंद्रांसाठी रोखे विकायचे आणि त्यांचे व्याज, इंधन, पगार व देखभाल हा सारा खर्च वीजदरातून भागवायचा, मात्र दर शक्य तितके कमी ठेवायचे. या रोख्यांना सरकारची हमी नसते.

जुन्या सरकारी भांडवलाची परतफेड ज्या रीतीने ठरवली गेली, ती मला विशेष सुंदर वाटते. पहिली पाच वर्षे दरसाल किमान १ कोटी डॉलर, पुढची पाच वर्षे दीड कोटी आणि त्यानंतर १०० कोटी पुरे होईपर्यंत दरसाल २ कोटी. पहिल्या दहा वर्षांत साडेबारा कोटी फिटतात. उरलेल्या साडेसत्त्याऐंशी कोटींना २ ने भागले की पावणेचव्वेचाळीस वर्षे येतात. म्हणजे एकूण सुमारे ५४ वर्षे, आणि शेवटचा हप्ता खरोखरच २०१४ मध्ये भरला गेला. याखेरीज शिल्लक भांडवलावर सरकारला दरवर्षी परतावा द्यावा लागे. त्याचा दर सरकारच्या स्वतःच्या कर्जावरील सरासरी व्याजाशी जोडलेला असल्यामुळे मुद्दल घटत असतानाही बाजारातील व्याज चढले तर हा बोजा वाढू शकत असे. हप्ता मात्र स्थिर होता. १९६० मध्ये एका डॉलरला जे मिळे, त्यासाठी २०१४ मध्ये सुमारे ८ डॉलर लागत. त्यामुळे तेच २ कोटी डॉलर भरणे उत्तरोत्तर हलके होत गेले.

१०० कोटी फिटल्यावरही सुमारे २५ कोटी ८० लाख डॉलर सरकारचे कायमचे भांडवल म्हणून राहिले, आणि त्यावरचा परतावा वीजग्राहकांच्या पैशातून आजही दिला जातो.