घडीच्या सायकलचं वजन: कुठलं काढायचं, कुठलं ठेवायचं

घडीची सायकल घेतली की वजन कमी करायचे विचार लगेच सुरू होतात. स्टँड काढू, हलकी सीट घालू, ॲल्युमिनिअमचा दांडा बसवू. पण त्याआधी एक गोष्ट ठरवली पाहिजे: वजनाचा त्रास पायांना होतोय की हातांना? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

सातारा हे चढाचं गाव. माहुलीजवळच्या रेल्वे स्टेशनवरून पोवई नाक्याला यायचं आणि तिथून वर राजवाड्याकडे जायचं, तर पायांची परीक्षा होतेच. आता हिशोब करू. ७० किलोचा माणूस, १२ किलोची सायकल आणि ३ किलोची बॅग मिळून ८५ किलो होतात. रस्ता किलोमीटरभरात ५० मीटर चढतो असं धरलं, तर एवढं वजन वर न्यायला सुमारे ४२ हजार ज्यूल ऊर्जा लागते. पाय त्यासाठी १०० वॉट शक्ती देत असतील, तर सात मिनिटं लागतील. सायकल २ किलोंनी हलकी केली, तर यातली जेमतेम दहा सेकंद वाचतात. कारण चढावर उचललं जाणारं बहुतेक वजन आपलं स्वतःचंच असतं.

स्टेशनच्या जिन्यावर मात्र तुमच्या हातात फक्त सायकल असते. तिथे १२ चे १० किलो झाले, तर ओझं थेट एक षष्ठांशाने उतरतं. म्हणून वजन कमी करायचं ते जिन्यासाठी, एसटीच्या डिकीसाठी, तिसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी. चढासाठी गिअर बघायचा.

वीस इंची घडीच्या सायकलला पुढे बऱ्याचदा ५२ दात्यांचं मोठं चेनव्हील, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, असतं, कारण चाक लहान असल्याने एका फेरीत ते जेमतेम दीड मीटर जातं. मागे १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, धरा. सगळ्यात हलक्या गिअरला पेडलच्या एका फेरीत सायकल २.८ मीटर पुढे जाते. भरल्या बॅगेसह चढावर हे जड पडतं. चेनव्हील ४४ दात्यांचं बसवलं की हेच अंतर २.४ मीटर होतं, आणि पेडलवर लागणारा जोर १५ टक्क्यांनी कमी होतो. वरच्या टोकाला थोडा वेग जातो, पण मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी २३ किलोमीटर तरीही मिळतात. गावात याहून जास्त लागत नाही. मिस्त्रीला चेनच्या चार कड्या कमी करायला सांगा, नाहीतर चेन ढिली राहून उतरेल. माझ्या मते साताऱ्यात पहिला खर्च यावरच करावा.

दुसरा खर्च चाकांवर. चाक फिरत पुढे जातं, त्यामुळे रिम आणि टायरचा प्रत्येक ग्रॅम वेग घेताना दुप्पट मोजला जातो: एकदा पुढे जाण्यासाठी, एकदा गोल फिरण्यासाठी. लोखंडी रिमच्या जागी ॲल्युमिनिअमची घातली तर वजन उतरतंच, शिवाय पावसात ब्रेकही चांगला लागतो. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर घसरतं, आणि साताऱ्याच्या पावसाळ्यात हे धोक्याचं आहे. नव्या रिमवर आरे ताणले की चाकाचा आऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, नीट काढून घ्या.

टायर मात्र बारीक करू नका. बारा सेंटीमीटर रुंदीच्या खड्ड्यात जुनी २८ इंची सायकल साधारण ५ मिलिमीटर खाली जाते, तर वीस इंची चाक ७ मिलिमीटर. लहान चाकाला रस्ता जास्त खडबडीत लागतो. १९६२ साली इंग्लंडच्या ॲलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांची सायकल बाजारात आणली, ती घडीची नव्हती. तिच्या टायरांत हवेचा दाब जास्त होता, पण धक्के शोषायला त्यांनी तिला रबरी सस्पेन्शन दिलं होतं. आपल्या सायकलला ते बहुधा नसतं, तेव्हा ते काम रुंद टायरलाच करू द्या.

हाताचं ओझं कमी करायला सीटखालचा लांब दांडा सगळ्यात सोपा. लोखंडाची घनता ७.८, ॲल्युमिनिअमची २.७. ॲल्युमिनिअम कमी ताठ असल्याने त्याची नळी जाड लागते, तरीही वजन जवळपास निम्म्यावर येतं. दांड्यावरची कमीत कमी आत घालायची खूण मात्र पाळा. उंच माणसाने ती ओलांडली की सगळा ताण फ्रेमच्या तोंडाशी येतो.

उचलण्याची पद्धतही बदलून पाहा. पाण्याची कळशी लांब धरली तर खांदा भरून येतो, कमरेवर घेतली तर चालता येतं. तसंच सायकलचं आहे. घडी केलेली सायकल दोरीला टांगून तिचा तोल कुठे साधतो ते शोधा आणि तिथेच पट्टा बांधा. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी चाकांभोवती गुंडाळली, तर जिन्यावर घडी उलगडत नाही. याला पैसेही पडत नाहीत.

मडगार्ड, घंटी, रिफ्लेक्टर ही वजनं काढू नयेत. हँडलचा दांडा आणि घडीचा बिजागर यांना तर हातच लावू नये. कुणी वजन कमी करण्यासाठी तिथे भोकं पाडायला सांगेल, पण भोकाच्या काठाशी ताण साधारण तिप्पट होतो. शिवाय ॲल्युमिनिअमला थकवा येतो. लोखंडावर ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला, तर ते जवळजवळ अमर्याद हेलकावे सोसतं. ॲल्युमिनिअमला अशी मर्यादा नाही. लहान ताणसुद्धा साचत जाऊन कधीतरी बारीक तडा जातो. म्हणून आठवड्यातून एकदा बिजागर फडक्याने पुसा, जोडाजवळ केसासारखी रेघ दिसते का बघा, आणि पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवा. खटखट लागली तर सायकल त्या दिवशी रस्त्यावर काढू नका, मिस्त्रीकडे न्या.