श्रीलंकेतलं शेवटचं युद्ध: मावील आरूच्या पाण्यापासून नंदीकडलच्या खाडीपर्यंत

हे युद्ध श्रीलंकेचं सरकार आणि वेगळं तमिळ राष्ट्र मागणारे लिट्टे, म्हणजे तमिळ वाघ, यांच्यातलं. 1983 च्या जुलैतल्या तमिळविरोधी दंगली, तिथे गेलेली आपली शांतिसेना, श्रीपेरुंबुदूरला झालेली राजीव गांधींची हत्या हे सगळं सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्यात परत शिरत नाही. फक्त एवढं लक्षात असू द्या की 2001 पर्यंत पारडं वाघांकडेच झुकलेलं होतं. 96 मध्ये मुल्लैतिवूचा अख्खा लष्करी तळ त्यांनी कापून काढला, एप्रिल 2000 मध्ये जाफना द्वीपकल्पाकडे जाणारी अरुंद वाट, एलिफंट पास, घेतली आणि 2001 च्या जुलैत तर थेट कोलंबोच्या विमानतळावर घुसून विमानं जाळली. मग फेब्रुवारी 2002 मध्ये नॉर्वेच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली.

बरेच जण म्हणतात युद्ध फिरलं ते वाघांची राजधानी किलिनोच्ची पडल्यावर. मला ते पटत नाही, तोपर्यंत खेळ जवळपास संपलाच होता. खरं वळण मार्च 2004 मध्ये आलं. वाघांचा पूर्वेकडचा कमांडर करुणा आपली हजारो पोरं घेऊन फुटला आणि पुढे सरकारच्याच बाजूला जाऊन उभा राहिला. दुसरं वळण तर त्यांनी स्वतःच्या हाताने आणलं, 2005 च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि उत्तरेत त्यांनी तमिळ लोकांना मतदानच करू दिलं नाही, जाफन्यात मतदान एक टक्क्याच्या आसपास, आणि कडक भूमिकेचा उमेदवार महिंदा राजपक्षे दोन लाखांपेक्षाही कमी मतांनी निवडून आला. हे मुद्दाम केलं की हिशोब चुकला यावर अजून भांडणं चालतात.

जुलै 2006 मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यात वाघांच्या ताब्यातल्या मावील आरू कालव्याचे दरवाजे बंद झाले आणि खालच्या भातशेतीचं पाणी तुटलं. वाघांचं म्हणणं, पाणी योजनेचं आश्वासन पाळलं नाही म्हणून गावकऱ्यांनीच ते बंद केले. सरकारने याच पाण्यासाठी लष्कर उतरवलं आणि त्याला नाव दिलं मानवतावादी मोहीम. गंमत बघा, हे नाव पुढची तीन वर्षं तसंच चालू राहिलं, पाणी केव्हाच सुटलं होतं. 2007 च्या जुलैत अख्खी पूर्व सरकारकडे आली. त्याच वर्षी शस्त्रं आणणारी वाघांची जहाजं नौदलाने पार भर समुद्रात गाठून बुडवली आणि याकडे लोक फार बघत नाहीत, पण दारूगोळाच यायचा बंद झाल्यावर लढणार कशाने. जानेवारी 2008 मध्ये सरकारने युद्धबंदी कागदावरही मोडली. मग मन्नारच्या बाजूने चढाई, जंगलात आठ आठ जणांच्या छोट्या तुकड्या, नोव्हेंबरात पूनेरीन, 2 जानेवारी 2009 ला किलिनोच्ची, आठवड्याभरात एलिफंट पास आणि महिनाअखेरीला मुल्लैतिवू.

आता खरा गुंता, तो म्हणजे ‘नो फायर झोन’ हा शब्द. मराठीत याला सरळ सुरक्षित क्षेत्र म्हटलं की घोटाळा होतो. युद्धाच्या कायद्यात असं क्षेत्र दोन्ही बाजूंनी मान्य करावं लागतं, इथे ते एकट्या सरकारने जाहीर केलं, वाघांनी ते कधी मानलंच नाही. पहिला झोन 21 जानेवारी 2009 ला, साधारण 30-35 चौरस किलोमीटरचा. लोकांनी विश्वास ठेवला, पोराबाळांना घेऊन तिकडे गेले आणि तिथेच तोफगोळे पडले. लष्कर म्हणालं, वाघ आतून तोफा डागतात म्हणून आम्ही उत्तर देतो. वाघ आतून डागत होते हेही खरंच आहे, आणि बाहेर पळणाऱ्या स्वतःच्याच लोकांवर त्यांनी गोळ्या झाडल्या हेही. पण या दोन गोष्टी खऱ्या आहेत म्हणून बाकीचं खोटं ठरत नाही ना. फेब्रुवारीत दुसरा झोन, पुतुमात्तलनची किनारपट्टी, सुमारे 14 चौरस किलोमीटर. मे महिन्यात तिसरा, दोन-तीन चौरस किलोमीटर फक्त. म्हणजे ज्याला झोन म्हणायचे ते खरं तर माणसं कोंबत नेण्याचं काम होतं, निदान जमिनीवर तरी तसंच झालं.

यात आकड्यांचं राजकारणही होतं. सरकार म्हणत होतं आत 70 हजारच लोक आहेत, आणि त्याच हिशोबाने अन्न आणि औषधं जायची. संयुक्त राष्ट्रांच्या माणसांना सप्टेंबर 2008 मध्येच किलिनोच्चीतून बाहेर काढलेलं होतं, त्यामुळे मोजणारं बाहेरचं फारसं कुणी नव्हतं. शेवटी छावण्यांमध्ये आले 2 लाख 80 हजारांच्या वर. मग आधीचा 70 हजार आकडा कुठून आला होता?

20 एप्रिलला वाघांनी उभारलेला मातीचा बांध लष्कराने फोडला आणि काही दिवसांत लाखभर लोक बाहेर पडले. 27 ला जड शस्त्रं वापरणार नाही अशी सरकारची घोषणा, त्याच दिवशी चेन्नईत समुद्रकिनाऱ्यावर युद्धबंदीसाठी तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी यांचं काही तासांचं उपोषण, आपल्याकडे निवडणूक चालू होती. 16 मे ला आपल्याकडे लोकसभेचे निकाल लागत होते आणि तिकडे लष्कराने शेवटचा किनारा घेतला. 19 तारखेला नंदीकडलच्या खाडीजवळ वाघांचा प्रमुख प्रभाकरन याचा मृतदेह दाखवला.

2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने शेवटच्या टप्प्यात 40 हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात असं म्हटलं, सरकार तोवर शून्य म्हणत होतं. कोलंबोत हा विजयदिन होता, 2015 मध्ये त्याचा स्मरणदिन केला. उत्तरेत बेपत्ता झालेल्यांच्या आया 2017 पासून किलिनोच्चीत रस्त्याकडेला बसल्यात. आणि दर मे महिन्यात लोक मुल्लिवाय्क्कालची, म्हणजे युद्ध जिथे संपलं त्या गावाची, कांजी वाटतात, शेवटच्या दिवसांत तांदूळ उकळून जी पेज प्यायले तीच, आणि पोलीस कधी कधी तीही अडवतात.