अविनाशक परीक्षण संस्था : मुंबई शाखा

अविनाशक परीक्षण संस्था, मुंबई शाखा : वस्तू न तोडता, न कापता तिच्यातील दोष शोधण्याच्या तंत्रांना अविनाशक परीक्षण म्हणतात. या क्षेत्रातील तंत्रज्ञ, अभियंते व संशोधक यांची भारतातील प्रमुख व्यावसायिक संस्था म्हणजे इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. तिला आयएसएनटी या आद्याक्षरांनी ओळखतात. तिचे मुख्यालय चेन्नईत असून देशातील औद्योगिक शहरांत तिच्या शाखा आहेत. मुंबई शाखा त्यांपैकी एक. कारखान्यात व साइटवर या विद्येला ‘एनडीटी’ असेच म्हणतात.

मराठीत या संज्ञेसाठी अविनाशी परीक्षण, अविनाशक परीक्षण, विनाशरहित चाचणी, अविध्वंसक चाचणी असे निरनिराळे पर्याय आढळतात. त्यांपैकी ‘अविनाशी’ हा शब्द हिंदी परिभाषेतून आला असावा. मराठीत मात्र अविनाशी म्हणजे ज्याचा नाश होत नाही ते. हे विशेषण आत्म्याला शोभते, चाचणीला नाही. परीक्षण स्वतः नाश पावत नाही असे येथे म्हणायचे नसून ते वस्तूचा नाश करत नाही असे म्हणायचे आहे, म्हणून प्रस्तुत नोंदीत ‘अविनाशक’ हा शब्द पत्करला आहे. उत्तरपदाचा प्रश्न याहून अवघड आहे. टेस्टिंग, इन्स्पेक्शन आणि इव्हॅल्युएशन हे तीन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण त्यांच्यातला फरक पुसून टाकणे बरे नाही. यंत्राच्या पडद्यावर उमटतो तो केवळ संकेत. तो खरोखर धातूतील एखाद्या खंडामुळे (सलगपणातील तुटीमुळे) आला की पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे, हे ठरवणे ही पुढची पायरी. आणि तो खंड संबंधित मानकानुसार चालण्यासारखा आहे की नाही, हा निर्वाळा तिसरी पायरी; तो प्रतिकूल आला तरच त्या खंडाला दोष म्हणायचे. ‘परीक्षण’ या शब्दात या तिन्ही पायऱ्या सामावतात. संस्थेचा बराचसा खटाटोप दुसऱ्या व तिसऱ्या पायरीसाठी माणसे तयार करण्याचा आहे.

संस्थेचे स्थापनावर्ष कोणते मानावे याबाबत थोडी तपशिलात शिरण्याची गरज आहे. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९७२ मध्ये कोलकात्यात नोंदली गेली. नॉन-डिस्ट्रक्टिव्ह इन्स्पेक्शन इंजिनिअरिंग या दुसऱ्या संस्थेची नोंदणी १९७९ मधली. २१ एप्रिल १९८९ रोजी या दोहोंचे विलीनीकरण होऊन आजची आयएसएनटी अस्तित्वात आली. तेव्हा परंपरा १९७२ पासून मोजायची की विलीनीकरणापासून, असा प्रश्न उरतो. पूर्वीच्या कार्याची दखल घ्यायची तर पहिली तारीख सोयीची आहे. पण संस्थेचे सध्याचे नाव आणि घटनात्मक रूप १९८९ चेच आहे आणि संस्था स्वतः वर्धापनदिन २१ एप्रिललाच पाळते, हे पाहता नंतरचे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकेतील समधर्मी संस्था याहून बरीच जुनी आहे. ती १९४१ मध्ये अमेरिकन इंडस्ट्रियल रेडियम अँड एक्स-रे सोसायटी या नावाने सुरू झाली. त्या वेळी ही विद्या म्हणजे मुख्यतः किरणचित्रण (क्ष-किरण वा गॅमा किरणांनी वस्तूच्या आतले चित्र फिल्मवर घेणे) होते, ही गोष्ट तिच्या नावातच दिसते.

मुंबईत या विद्येचा आरंभ कोठून धरायचा, हे परीक्षण कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. गाडी फलाटावर उभी असताना चाकांवर हातोडी मारून नाद ऐकत जाणारा रेल्वे कर्मचारी जुन्या पिढीने पाहिलेला आहे. धारावीच्या कुंभारवाड्यात माठ घेताना गिऱ्हाईक तो बोटाने वाजवून बघते, त्यातले तत्त्व हेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या कार्यशाळांत आसांच्या भेगा शोधण्यासाठी तेल-खडूची पद्धत आली. आस तेलात बुडवायचा, पुसून कोरडा करायचा, त्यावर खडूचा लेप द्यायचा. भेगेत मुरलेले तेल लेपावर डागाच्या रूपाने पाझरते. आजच्या द्रवप्रवेशी चाचणीची, म्हणजे साइटवरच्या ‘डीपी’ची, ही पूर्वज होय. परळ, माटुंगा, लोअर परळ येथील कार्यशाळांत ती वापरली गेली असणे संभवनीय आहे. उपकरणांवर आधारलेले, मानकांनी बांधलेले परीक्षण एवढाच अर्थ घेतला तर आरंभबिंदू १९५० च्या दशकात येतो. १९५४ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा आस्थापना स्थापन झाली, १९५६ मध्ये तेथील अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि त्याच सुमारास माहुल-तुर्भे पट्ट्यात तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. दाबपात्रे, नळ आणि त्यांवरील वेल्डचे सांधे तपासल्याशिवाय यातले काहीच चालू करता येत नव्हते. पुढे माझगाव गोदीतील जहाजबांधणी आणि १९७४ मध्ये सापडलेले बॉम्बे हायचे तेलक्षेत्र यांनी मागणी वाढवली. व्यावसायिक संस्थेच्या शाखेला मुंबईत एवढा आधार का मिळाला, याचे उत्तर या भूगोलात आहे.

शाखेचा कारभार निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे असतो. अध्यक्ष, मानद सचिव, खजिनदार अशी नेहमीची रचना. तांत्रिक व्याख्याने, कार्यशाळा, उपकरणांची प्रात्यक्षिके, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि २१ एप्रिलचा दिन हे नियमित कार्यक्रम. सर्वांत महत्त्वाचे काम मात्र प्रशिक्षणवर्ग व परीक्षांचे आहे.

परीक्षा पातळीवार असतात. पहिल्या पातळीचा तंत्रज्ञ लेखी सूचनेनुसार उपकरण चालवतो व वाचन नोंदवतो. दुसऱ्या पातळीचा उपकरण जुळवतो, संकेतांचा अर्थ लावतो आणि अहवालावर सही करतो. तिसऱ्या पातळीचा कार्यपद्धती लिहितो, ती मंजूर करतो व इतरांना शिकवतो. अमेरिकन एसएनटी-टीसी-१ए या शिफारसपत्रात किरणचित्रण व श्राव्यातीत चाचणी (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनितरंगांनी केलेली) यांसाठी पहिल्या व दुसऱ्या पातळीला प्रत्येकी ४० तासांचे शिक्षण सुचवलेले आहे. द्रवप्रवेशी चाचणीला पहिल्या पातळीसाठी ४ व दुसऱ्यासाठी ८ तास पुरेसे धरले आहेत. सामान्य, विशिष्ट व प्रात्यक्षिक अशा तीन परीक्षा असतात. प्रत्येकीत किमान ७० टक्के आणि सरासरीने ८० टक्के गुण लागतात. निकट दृष्टीची तपासणी दरवर्षी करावी लागते. ही अट नाममात्र वाटू शकते, पण गॅमा किरणांनी घेतलेल्या फिल्मची घनता साधारण २ ते ४ असावी लागते. घनता २ म्हणजे मागून टाकलेल्या प्रकाशाचा शंभरावा भाग आरपार येतो आणि ४ म्हणजे दहा हजारावा. अंधाऱ्या खोलीत, प्रखर व्ह्यूअरसमोर, डोळे सरावेपर्यंत थांबून वेल्डच्या राखाडी पट्ट्यात केसाएवढी रेघ शोधायची असते. तेथे चष्म्याचा नंबर वाढल्याचे लक्षात न येणे हीसुद्धा सदोष तपासणीच ठरते.

प्रमाणपत्र कोणी द्यावे, या मुद्द्यावर दोन विचारसरणी आहेत आणि मुंबईतील तपासणी व्यवसायावर दोहोंची छाप आहे. १९६६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या एसएनटी-टीसी-१ए नुसार प्रमाणन ही नियोक्त्याची जबाबदारी आहे. कंपनी स्वतःची लेखी पद्धत तयार करते, तिसऱ्या पातळीच्या तज्ज्ञाकडून परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. नोकरी सुटली की प्रमाणपत्रही संपते. या विचारसरणीचे समर्थक म्हणतात की आपल्या कामाला कोणते कौशल्य लागते हे मालकालाच नीट कळते. याउलट आयएसओ ९७१२ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रमाणन त्रयस्थ मंडळाकडे सोपवते, आणि परीक्षा घेणारा उमेदवाराच्या मालकापासून स्वतंत्र असावा असा आग्रह धरते. भारतीय मानक आयएस १३८०५ आणि आयएसएनटीचे राष्ट्रीय प्रमाणन मंडळ यांचा कल या दुसऱ्या बाजूचा आहे. दोन्ही पद्धतींतून उत्तम तंत्रज्ञ घडलेले आहेत. तरीही दुसरी पद्धत तंत्रज्ञाला अधिक आधार देते असे म्हणावे लागते, कारण त्याचा निर्णय पुष्कळदा त्याला पगार देणाऱ्याच्या गैरसोयीचा असतो. सांधा नापास झाला, म्हणजे साइटच्या भाषेत ‘रिपेअर आला’, की वेल्ड खोदून पुन्हा भरावे लागते, फिल्म पुन्हा घ्यावी लागते आणि दिवस वाया जातात. अशा वेळी आपली पात्रता मालकाच्या सहीवर अवलंबून नाही हे ठाऊक असणे ही मोठी गोष्ट आहे. शाखेच्या वर्गांना येणाऱ्या, छोट्या तपासणी कंपन्यांतील तरुणांना या वर्गांचे जे मोल वाटते, त्याचे एक कारण हे असावे.

किरणचित्रणाच्या बाबतीत मुंबईचे स्थान वेगळे आहे. किरणोत्सारी स्रोतांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. त्याचे कार्यालय अणुशक्तीनगरात आहे. स्रोत व कॅमेरे (स्रोत ठेवण्याच्या संरक्षित पेट्या) पुरवणारे विकिरण व आयसोटोप तंत्रज्ञान मंडळ, म्हणजे ब्रिट, वाशीत आहे. किरणचित्रकांचे व किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्यांचे अभ्यासक्रम भाभा अणुसंशोधन केंद्राशी निगडित आहेत. साइटवर सर्वांत जास्त चालतो तो इरिडियम-१९२. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस आहे. ४० क्युरीचा स्रोत अडीच महिन्यांनी २० वर आणि पाच महिन्यांनी १० वर येतो, म्हणजे त्याच सांध्याला चौपट वेळ द्यावा लागतो. जाड पोलादासाठी कोबाल्ट-६० वापरतात; त्याचे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. किरणोत्साराशी संबंध येणाऱ्या कामगारासाठी डोसची, म्हणजे शरीरावर पडणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट अशी आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा एका वर्षाचा आकडा ५० आहे, म्हणजे भारतीय नियम अधिक कडक. छातीवरचा टीएलडी बिल्ला हा डोस मोजतो, पण तो नंतर वाचला जातो. स्रोत कॅमेऱ्यात परतला की नाही हे जागच्या जागी सांगणारे साधन म्हणजे सर्व्हे मीटर. म्हणून प्रत्येक एक्स्पोजरनंतर मीटर हातात घेऊन कॅमेऱ्याकडे जाण्याची सवय वर्गांतून पुनःपुन्हा बिंबवली जाते.

श्राव्यातीत चाचणी, म्हणजे ‘यूटी’, हा व्याख्यानांचा आवडता विषय. पोलादात अनुतरंगांचा (पुढे-मागे कंप पावत जाणाऱ्या तरंगांचा) वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. ४ मेगाहर्ट्झच्या प्रोबची (तरंग सोडणाऱ्या व टिपणाऱ्या साधनाची) तरंगलांबी त्यामुळे दीड मिलिमीटरच्या आसपास येते, आणि तिच्या निम्म्याहून लहान खंड पकडणे कठीण जाते. किरणचित्रणात छिद्रे व स्लॅग (वेल्डमध्ये अडकलेली मळी) चांगले दिसतात, पण किरणांना आडवी पसरलेली पातळ भेग निसटू शकते. अशी भेग श्राव्यातीत तरंगांना मात्र योग्य कोनातून सापडते. अलीकडच्या काळात फेज्ड ॲरे आणि टॉफड ही श्राव्यातीत चाचणीची प्रगत तंत्रे काही ठिकाणी किरणचित्रणाची जागा घेऊ लागली आहेत. स्थानिक संशोधनातील ठळक उदाहरण म्हणजे भाभा केंद्राने दाबयुक्त जड पाण्याच्या अणुभट्ट्यांसाठी घडवलेली बार्किस ही यंत्रणा. २२० मेगावॉटच्या अशा अणुभट्टीत ३०६ शीतक वाहिन्या असतात. त्यांच्या आत शिरून दाबनळ्यांची तपासणी ही यंत्रणा श्राव्यातीत व आवर्त-प्रवाह (धातूत चुंबकक्षेत्राने निर्माण केलेले विद्युतप्रवाह) या दोन्ही तंत्रांनी करते. नळीभोवतीची गार्टर स्प्रिंग (दाबनळीला बाहेरच्या नळीपासून दूर ठेवणारे कडे) जागेवरून सरकली आहे का, हेही आवर्त-प्रवाहाने कळते.

आयएसएनटीने भरवलेल्या परिषदांपैकी चौदावी आशिया-प्रशांत परिषद नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईत झाली. तिच्याआधी १९९६ मध्ये जागतिक परिषद नवी दिल्लीला झाली होती.

रेल्वेमार्गांचे परीक्षण रेल्वेची स्वतःची यंत्रणा करते. हिवाळ्यात पहाटे रूळ आकसतात आणि वेल्डजवळ तडा जातो, तेव्हा लोकलच्या प्रवाशाला या विद्येची अप्रत्यक्ष ओळख होते.

सर्वसामान्य मुंबईकराचा एनडीटीशी थेट संबंध येतो तो इमारतीच्या संरचना तपासणीतून. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ती बंधनकारक आहे. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग आणि मार्च २०१९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा हिमालय पूल कोसळल्यानंतर हा विषय घराघरांत पोहोचला. या तपासणीत काँक्रीटवर मुख्यतः दोन चाचण्या घेतात. आयएस १३३११ या १९९२ च्या मानकानुसार श्राव्यातीत स्पंदाचा वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगले, ३ ते ३.५ मध्यम आणि ३ च्या खाली शंकास्पद मानले जाई; आता या मानकाची जागा आयएस ५१६ च्या पाचव्या भागाने घेतली आहे. प्रतिक्षेप हातोड्याने (आपटल्यावर तो किती उसळतो ते पाहून) काढलेल्या सामर्थ्याच्या अंदाजात त्याच जुन्या मानकानुसार अधिक-उणे २५ टक्क्यांचा फरक पडू शकतो. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. ओल्या पृष्ठभागावर हातोड्याचा आकडा कोरड्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी येतो, तर ओलाव्याने स्पंदाचा वेग किंचित वाढतो. एकाच खांबावर एक चाचणी काँक्रीट आहे त्याहून कच्चे दाखवते, तर दुसरी थोडे बरे दाखवते. जुलैत घेतलेले आकडे जानेवारीतल्या आकड्यांशेजारी ठेवताना हे ध्यानात घ्यावे लागते. कलमात तपासणीसाठी महापालिकेकडे नोंदणी झालेल्या संरचना अभियंत्याची अट आहे. हातोडा प्रत्यक्ष हाती धरणाऱ्या तंत्रज्ञासाठी मात्र वेल्डच्या तपासणीत असतात तशा पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या पातळीची अट तेथे नाही.