आजीच्या काडीमोडाचा कागद

इस्रायलमधे सिव्हिल मॅरेज नाही. ज्यू माणसाला तिथे लग्न करायचं तर रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) ऑफिसातूनच जावं लागतं, १९५३ च्या कायद्याने लग्न आणि घटस्फोट दोन्ही धार्मिक कोर्टांच्या ताब्यात दिलंय. हे आधी डोक्यात ठेवा, नाहीतर आपल्या कुलाबा जिल्ह्यातून (आत्ताचं रायगड) तिकडे गेलेल्या बेने इस्रायल लोकांवर १९६२ साली काय वेळ आली ते कळणार नाही.

बेने इस्रायल म्हणजे आपले शनवार तेली. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून हे नाव. गलबत फुटलं आणि सात जोडपी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागली अशी त्यांची कथा. मग कित्येक पिढ्या ना रब्बी ना हिब्रू पोथी, उरलं काय तर शनिवार, मुलाची आठव्या दिवशी सुंता, शेमाची (देव एकच आहे अशी) प्रार्थना आणि खवलं-पर असलेलेच मासे. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने म्हणे मिसळीचे मासे रांधायला दिले तर बायकांनी बिनखवल्याचे बाजूला काढून ठेवले, त्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच. बाकी सगळं कोकणी, पेणकर-रोहेकर-दिवेकर आडनावं, लग्नाआधी मेंदी, शुभकार्याला एलियाहू हनाबी म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने मलिदा म्हणजे ताटभर गोड पोहे, ओलं खोबरं आणि वर फळं. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हग्गादात (वल्हांडण सणाला वाचायच्या पोथीत) तर चित्रातल्या भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क साडीत आहेत.

मुंबईत १७९६ ला त्यांची पहिली मशीद झाली (सिनेगॉगला ते मशीदच म्हणतात), मग एकोणिसाव्या शतकात बगदादी ज्यू व्यापारी आले. सुरुवातीला प्रार्थना एकत्र, पण लवकरच कुरबुर सुरू झाली, १८३६ मधे तर कबरस्तानात मधे भिंत घालून द्या असा बगदाद्यांचा अर्ज गेला सरकारकडे. मेलेल्यालाही शेजार चालेना!

पुढे यांच्याशी लग्न लावायचं का यावर रब्बींकडून मुद्दा निघायचा तो गेट आणि हलित्साचा. गेट म्हणजे काडीमोडाचा कागद, हाताने लिहिलेला, नवऱ्याने बायकोच्या हातात द्यायचा. तो नसेल तर धर्माच्या हिशोबात ती विवाहितच, आणि तिला दुसऱ्या पुरुषापासून झालेलं मूल मामझेर म्हणजे निषिद्ध संबंधातलं, त्याचं लग्न फक्त मामझेरशी किंवा धर्मांतर करून आलेल्याशी, आणि हे पुढच्या पिढ्यांनाही लागू. हलित्सा म्हणजे मूल न होता नवरा वारला तर विधवेने दिराच्या पायातला विधीचा जोडा सोडून काढायचा, त्याच्यासमोर थुंकायचं, मगच ती दुसरं लग्न करायला मोकळी. कोकणात हे दोन्ही विधी ठाऊक नव्हते, सबब यांच्या रक्तात मामझेर असू शकतात, असा तो संशय.

यातली गंमत बघा. शेजारच्या हिंदू घरांचं बघून यांच्यातही विधवेचं लग्न लावत नसत, आणि काडीमोड क्वचितच. विधवा पुन्हा उभीच राहणार नसेल लग्नाला तर हलित्साचा प्रश्न येतोच कुठे? मला तरी या युक्तिवादाला उत्तर दिसत नाही. अर्थात त्या विधवांच्या वाट्याला काय आलं ती वेगळीच रड.

१९४८ नंतर हजारो लोक इस्रायलला गेले आणि तिथे काही रब्बी यांची इतर ज्यूंशी लग्नं लावेनात. १९६१ च्या ऑक्टोबरमधे मुख्य रब्बीनेटने (तिथल्या सरकारमान्य धर्मपीठाने) सांगितलं लग्नं लावायला हरकत नाही, पण १९६२ च्या फेब्रुवारीत सूचना काढल्या की बेने इस्रायल अर्जदार आला तर त्याची आई, आजी, पणजी जमेल तितकं मागे जाऊन तपासा, कोणाचा काडीमोड होऊन दुसरं लग्न झालं होतं का तेही बघा. पेणच्या पणजीचा कागद इस्रायलमधल्या बेरशेबात कुठून आणणार? मुख्य रब्बी होते यित्झाक निसीम, जन्म बगदादचा, त्यामुळे मुंबईची जुनी भिंत लोकांना आठवली नसेल तरच नवल.

मग १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममधे ज्यूइश एजन्सीसमोर (ज्यूंना इस्रायलमधे आणून वसवणारी संस्था) बायकापोरांसकट धरणं. प्रकरण पार्लमेंटात गेलं, १७ ऑगस्टला खास बैठक झाली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांचं सरकार बेने इस्रायलच्या बाजूने उभं राहिलं, हे पूर्ण ज्यू आहेत असा ठराव झाला. महिनाअखेरीस रब्बीनेटने सूचनांमधून बेने इस्रायल हे शब्द काढले आणि तिथे लिहिलं, ज्याच्याबद्दल शंका असेल तो. आता ती शंका कुठल्या आडनावांना यायची ते वेगळं सांगायला नको.